केबल बदलूनही क्लच पुन्हा कडक होतोय? जुन्या गाडीत दोष असा शोधा

पावसाळ्याच्या तोंडावर क्लच केबल बदलली, पेडल हलकं झालं. दसऱ्यापर्यंत पुन्हा जड वाटायला लागलं. संक्रांतीच्या आसपास एखाद्या चढावर केबलच तुटली. मग परत नवी केबल आणि परत चार महिने सुख. जुनी मारुती ८००, ओम्नी, अल्टो वापरणाऱ्यांकडून ही तक्रार इतक्या वेळा ऐकली आहे की गाडी दारात उभी राहायच्या आधीच पुढचं वाक्य कळतं: "आजकाल केबलच डुप्लिकेट मिळतात हो."

मिळतात, नाही असं नाही. पण एकाच गाडीच्या नशिबी दर वेळी डुप्लिकेटच येते, हे काही पटत नाही. पायापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीत केबल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नाजूक. दुसरं काहीही आवळलं, झिजलं, गंजलं की त्याचा भार तिच्यावर येतो आणि तुटते ती. त्यामुळे दोष तिच्या नावावर जातो आणि खरा दोषी आत बसून पुढच्या केबलची वाट बघतो. केबल पुन्हा पुन्हा जात असेल, तर पुढची विकत घ्यायच्या आधी एक सकाळ तपासणीला द्या.

मारुती ८०० ची विक्री १९८३ मध्ये सुरू झाली आणि उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. तरी जावळी, पाटण, कोरेगावच्या गावांतून एमएच ११ च्या कितीतरी ८०० अजून रोज बाजाराला येतात, पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण करून. या गाड्यांचा क्लच केबलवर चालतो, म्हणून इथे मुख्यतः केबलचंच बोलतो. ऑइलवर चालणाऱ्या क्लचबद्दल शेवटी थोडं आहे.

साताऱ्यात ही तक्रार जास्त दिसण्याला कारण आहे. यवतेश्वरचा घाट चढून कासला जा किंवा वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला, सुट्टीच्या दिवशी गाडीला गाडी चिकटलेली असते आणि तासभर डावा पाय क्लचवरच राहतो. कारखाने सुरू झाले की रस्त्यावर ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मग दुसऱ्या गिअरवर हाफ क्लच मारत मागे मागे चालायचं. वर पावसाळ्यातला तांबडा चिखल. क्लच इथे लवकर झिजतो आणि केबलमध्ये पाणीही लवकर शिरतं.

पेडल खरंच जड आहे का?

हे विचारावं लागतं, कारण जडपणा हळूहळू येतो आणि पाय त्याला सरावतो. रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. पुण्याहून आलेला भाचा चावी मागून घेतो, पोवई नाक्यापर्यंत जाऊन येतो आणि विचारतो, "मामा, हा क्लच आहे का तालीम?" तेव्हा घरात पहिल्यांदा विषय निघतो.

ओळखीत कुणाकडे तेच मॉडेल असेल तर दोन्ही गाड्या शेजारी लावा आणि इंजिन बंद ठेवून दोन्ही पेडलं दाबून बघा. ब्रेकला जशी इंजिनची मदत मिळते तशी या लहान गाड्यांच्या क्लचला मिळत नाही, त्यामुळे इंजिन बंद असताना जो जडपणा लागेल तोच चालूमध्येही. दुसरी गाडी मिळाली नाही तरी हरकत नाही, पुढची तपासणी त्यावाचून अडत नाही.

पायाखालची जाडजूड रबरी मॅट पेडलाच्या मागे दुमडून बसली नाही ना, हेही याच वेळी बघा. हसू नका. बघितलंय म्हणून सांगतो.

दाबताना काय, सोडताना काय

सगळ्या तपासणीत मी सगळ्यात जास्त विश्वास या एका खुणेवर ठेवतो आणि तिला पाना-पक्कड काही लागत नाही. इंजिन बंद करून पेडल अगदी सावकाश तळापर्यंत दाबा आणि तितकंच सावकाश वर येऊ द्या. दाबताना किती जोर लागतो हे सगळेच सांगतात. वर येताना ते पायाला कसं ढकलतं, तिकडे लक्ष द्या.

विहिरीवरच्या रहाटाचा कणा सुकला असेल तर भरलेली बादली ओढताना जड लागते आणि रिकामी खाली सोडतानाही अडून अडून जाते. कण्याला तेल आहे, पण बादलीच मोठी आहे, तर ओढताना दम निघतो आणि दोर सुटला की बादली धाडकन खाली. क्लचचंही तसंच आहे. कुठेतरी घासतंय, सुकलंय, गंजलंय, तर पेडल दाबताना जड आणि वर येताना सुस्त. पायाने उचलावं लागतं किंवा शेवटची दोन बोटं रेंगाळत येतं. उलट, दाबताना जड पण सोडलं की पाय फेकून देईल असं उसळत असेल, तर घासण्याचा प्रश्न नाही. क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची स्प्रिंगच जास्त जोर मागते आहे.

पहिल्या प्रकारात केबल, पेडलची पिन किंवा गिअरबॉक्सवरच्या लिव्हरचा शाफ्ट. दुसऱ्यात क्लच सेट, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. जुन्या गाडीत पुष्कळदा दोन्ही एकत्र भेटतात: झिजलेल्या सेटने भार वाढवला आणि त्या भाराने केबलच्या आतला प्लॅस्टिकचा लायनर कापला. अशा गाडीत नुसती केबल बदलली की अर्धा आजार जातो, उरलेला अर्धा नव्या केबलला खायला लागतो. चार महिन्यांच्या सुखाचं गणित बहुतेक वेळा हेच असतं.

आणखी काही खुणा पायाला आणि कानाला कळतात. पेडलाची सुरुवातीची चाल मोकळी असायला हवी. तिथे प्रेशर प्लेटचा काहीच भार नसतो, त्यामुळे ती हाताने दाबली तरी हलकी जायला पाहिजे. तिथेच खरखर लागत असेल तर घर्षण आहे, यात शंका नको. मधेच एका जागी अडकून सुटल्यासारखं होत असेल तर केबलचा एखादा पदर तुटून आत अडकतोय, किंवा प्रेशर प्लेटची स्प्रिंग दाबणारं रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिला खाच पडली आहे. केबिनमध्ये पायाजवळ करकर वाजत असेल तर पेडलची पिन सुकली आहे. इंजिन चालू असताना पेडल दाबलं की घरघर आणि सोडलं की शांत, म्हणजे रिलीज बेअरिंग. सोडलं की आवाज आणि दाबलं की शांत, असं उलट असेल तर तो आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. त्याचा पेडलच्या जडपणाशी संबंध नाही, उगीच दोन्ही एका बिलात घालू नका.

वेळेचीही नोंद ठेवा. सकाळी कडक आणि थोडं चालवल्यावर मोकळं होत असेल तर केबलमध्ये ओल, गंज किंवा सुकलेलं ग्रीस. पुण्याहून येताना खंबाटकी चढून आल्यावर कडक, गाडी थंड झाली की ठीक, असं असेल तर केबल कुठेतरी सायलेन्सरच्या पाइपजवळ भाजते आहे.

केबल सोडवा, मग बोला

हे काम घरी करता येतं. इंजिन थंड, गाडी सपाट जागेवर, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगडाची उटी. खाली वाकावं लागलं तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावायचा.

बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरचा क्लचचा लिव्हर शोधा. केबलचं आट्यांचं टोक त्यात नटाने धरलेलं असतं. नट सोडायच्या आधी तो आट्यांवर कुठपर्यंत बसला आहे तिथे पेंटची खूण करा किंवा फोनवर फोटो काढा. मग टोक लिव्हरमधून मोकळं करा.

आता पेडल हाताने दाबा. केबलच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही, म्हणजे ते एका हाताने सहज जायला हवं. गेलं, तर पेडल आणि केबल दोन्ही सुटले, गाठ गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. नाही गेलं, तर केबल पेडलच्या टोकालाही सोडवा. ८०० मध्ये हे करताना सीटखाली पाय आणि डॅशबोर्डखाली डोकं अशी अवस्था होते. शरीर बारीक असलेला मुलगा घरात असेल तर त्याला पाठवा. नुसतं पेडल झुलवून बघा. अडत असेल तर पिन काढून साफ करायची, बुश झिजला असेल तर बदलायचा, थोडं ग्रीस लावायचं. केबलचा डोळा ज्या हुकात बसतो तो खाचला असेल तर तोही बघा, कारण तिथे डोळा फिरायच्या ऐवजी केबल वाकते आणि नेमकी तिथेच तुटते. काम तासाभराचं, खर्च जवळजवळ नाहीच. तरी आधी केबल बदलली जाते आणि मग पिनकडे कुणाचं लक्ष जातं.

पेडल मोकळं झुलत असेल तर उरली केबल. तिची तपासणी दोनदा करायची, आणि ही दोनदाची गोष्टच सहसा कुणी करत नाही. पहिल्यांदा केबल गाडीत तिच्या जागेवर, तिच्या वळणांसकट असतानाच दोन्ही टोकं धरून आतली तार पुढेमागे ओढा. मग पूर्ण केबल बाहेर काढून सरळ धरून तसंच करा. सरळ असतानाही खरखर लागली तर केबल गेली, बदला. सरळ असताना लोण्यासारखी आणि गाडीत बसवली की खरखरीत, तर केबलमध्ये दोष नाही, तिच्या वाटेत आहे. त्याच वाटेवर नवी टाकली तर तिचंही तेच होणार.

केबल का मरते

वाटेपासून सुरुवात करू. कंपनीने केबल मोठ्या, सैल वळणाने नेलेली असते. नंतर कुणी गॅस किट बसवतं, कुणी एसीचा पाइप बदलतं आणि आड येणारी केबल बाजूला ओढून तारेने बांधून टाकतं. क्लिप हरवलेली असते. केबल एक तर सायलेन्सरच्या पाइपला टेकते किंवा कोपऱ्यावर दुमडते. तिला मूळ वाटेवर आणा आणि बांधलेल्या ताराबिरा सोडा. इंजिन हलतं तसं केबललाही थोडं हलायला जागा लागते.

इंजिनचं माउंटिंग बसलं असेल तर इंजिन एका बाजूला खाली येतं आणि केबलचं वळण बदलतं. बॉनेट उघडं ठेवून कुणाला तरी ॲक्सिलरेटर थोडा दाबायला सांगा आणि इंजिन किती उसळतं ते लांबून बघा. मग इंजिन बंद करून क्लचचं पेडलही दाबायला सांगा आणि केबलचं बाहेरचं आवरण केबिनच्या पत्र्यात जिथे बसतं तिथे नजर ठेवा. पेडल दाबल्यावर तो पत्राच पुढे येत असेल तर गंजाने किंवा जुन्या जोराने तो फाटायला आला आहे. ते वेल्डिंगचं काम आहे, आणि तशाच गाडीने घाट चढू नये.

टोकाचा रबरी बूट फाटलेला असेल तर पावसाळ्यात आत काय जातं ते सांगायला नको. धुलाई केंद्रावर जोराच्या पाण्याने इंजिन धुऊन घेणारे लोक आहेत. गाडी चकाचक होते आणि केबलमध्ये पाणी शिरतं. बूट धड आहे का ते बघूनच नवी केबल बसवा. आत ग्रीस भरायचा मोह होतो, तो आवरा. प्लॅस्टिकचा लायनर असलेल्या केबलला जाड ग्रीस लागत नाही. उलट त्याला धूळ चिकटते आणि मग तीच वाळूच्या कागदाचं काम करते.

आता एक कारण असं, जे निम्म्या लोकांना पटत नाही: अर्थिंग. मेढ्याच्या बाजूच्या एका गुरुजींच्या ८०० मध्ये केबल टिकायचीच नाही. वाट बरोबर, बूट बरोबर, लिव्हरही मोकळा. बोलता बोलता गुरुजी म्हणाले, "आता तर ॲक्सिलरेटरसुद्धा चिकटायला लागलाय." तिथे उलगडा झाला. क्लचच्या केबलचा आणि ॲक्सिलरेटरच्या केबलचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण दोघी इंजिन आणि बॉडी यांना जोडतात आणि दोघींच्या आत लोखंड आहे.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही. म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनला आणि बॉडीला जाड वायर किंवा विणलेली तांब्याची पट्टी दिलेली असते. ती गंजली, सैल झाली किंवा गिअरबॉक्सच्या कामानंतर बसवायची राहून गेली, तर सेल्फ मारताना लागणारा मोठा करंट परतीची दुसरी वाट शोधतो आणि ती वाट म्हणजे या केबली. दर वेळी सेल्फ मारला की आतली तार तापते आणि लायनर थोडा थोडा वितळून तारेला चिकटतो. बाहेरून काहीच दिसत नाही. त्या गाडीची काढलेली केबल चिरून बघितली तेव्हा आतला लायनर मेणबत्तीच्या थेंबांसारखा गोळा झालेला होता.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या, स्वच्छ धातूवर धरा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. काटा जवळजवळ शून्यापाशी राहायला हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर जात असेल तर अर्थिंग खराब आहे. मीटर नसेल तर दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर केबलच्या टोकाला हात लावून बघा, कोमट लागली तरी पुरे. उपाय सोपा: बॅटरीची निगेटिव्ह काढा, पट्टीची दोन्ही टोकं आणि ती जिथे बसतात त्या जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, पट्टी काळवंडली असेल तर नवी टाका, मग केबल बदला. या क्रमाने. आधी केबल बदलून मग 'अर्थिंग नंतर बघू' म्हटलं की ते नंतर कधी येत नाही.

लिव्हरचा शाफ्ट

केबल सोडवलेली आहेच, तर लिव्हर हाताने हलवून बघा. थोडी मोकळी चाल, मग आत बेअरिंग प्रेशर प्लेटला टेकल्याचा ठाम अडसर. तो अडसर हाताने दाबला जाणार नाही, दाबायचाही नाही. बघायची ती मोकळी चाल. लिव्हर दोन बोटांनी हलला पाहिजे आणि आपल्या स्प्रिंगने परत आला पाहिजे. अडत असेल, करकरत असेल, तर त्याचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या आत ज्या बुशांत फिरतो ते सुकले आहेत. वर-खाली डुगडुगत असेल तर झिजले आहेत.

इथे स्प्रेचं तेल मारायची पद्धत आहे. मारलं की पंधरा दिवस हलकं, मग पुन्हा कडक, मग पुन्हा स्प्रे. दोष कुठे आहे हे कळण्यापुरता तो उपाय बरा: स्प्रेने फरक पडला म्हणजे शाफ्टच. पण धार सोडत राहिलात तर तेल आत उतरून क्लच प्लेटवर जाईल आणि जड क्लचबरोबर घसरणारा क्लचही पदरात पडेल. बुश बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. म्हणून कुठल्याही कारणाने गिअरबॉक्स खाली आला की बुश मागून घ्या, नंतर वेगळी मजुरी देऊ नका.

प्लेट झिजली की पेडल जड का होतं

"प्लेट झिजली तर क्लच ढिला व्हायला हवा, कडक कसा?" हा प्रश्न हमखास येतो. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या जड चाकाच्या दिशेने आणखी आत सरकते. तिच्या गोल स्प्रिंगची आतली बोटं त्यामुळे उलट बाजूला, रिलीज बेअरिंगकडे उभी राहतात. स्प्रिंगचा कोन बदलला की तीच बोटं दाबायला जास्त जोर लागतो. बोटं पुढे आल्यामुळे पेडलची मोकळी चालही संपत जाते. म्हणून झिजलेल्या क्लचची तीन लक्षणं एकत्र येतात: पेडल जड, क्लच खूप वर आल्यावर पकडणारा, आणि केबल वारंवार सैल करावी लागणारी.

खात्री करायला मोकळ्या रस्त्यावर चढाला वरच्या गिअरमध्ये गाडी घालून ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी तिथेच राहते, जळका वास येतो, तर प्लेट संपली. मग केबल, पिन, स्प्रे काही करू नका, सेट बदला. अजून घसरत नसेल पण पेडल जड आहे आणि सोडताना जोरात उसळतं, तर वेळ जवळ आली आहे एवढं समजून पैशांची सोय करून ठेवा. केबल शेकड्यांत येते, क्लच सेट हजारांत जातो, आणि मजुरी गिअरबॉक्स उतरवायची असते. त्यामुळे प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदला. नुसती प्लेट बदलून जुनी प्रेशर प्लेट परत चढवणं मला पटत नाही, त्यात वाचलेले पैसे पुढच्या मजुरीत जातात. जुन्या प्लेटच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती हवेने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

आता सेट नवा टाकला आणि तरीही कडक. अशा गाड्या येतात आणि मालक हताश असतो. कारणं तीन-चारच असतात. पार्ट दुसऱ्या मॉडेलचा किंवा रीकंडिशन केलेला, ज्याची स्प्रिंग जास्त ताठ आहे. बेअरिंग नवं, पण ते सरकतं ती नळी खाचलेली. बुश जुनेच. आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे लिव्हर शाफ्टवर एक दात मागेपुढे बसवलेला. केबल लिव्हरला साधारण काटकोनात ओढते तेव्हा जोर पुरेपूर कामाला येतो. लिव्हर एक दात चुकला की ओढ तिरकी होते, जोर वाया जातो आणि सगळं नवं असून पेडल दगड. बहुतेक गाड्यांत शाफ्टवर आणि लिव्हरवर जुळवायच्या खुणा असतात. मिस्त्रींना विचारायला लाजू नका: "दादा, खूण जुळवली का?" चांगला मिस्त्री यावर चिडत नाही.

ऑइलवरचा क्लच असेल तर

थोडक्यात सांगतो. इथे केबलऐवजी मास्टर सिलिंडर, पाइप आणि स्लेव्ह सिलिंडर. पाइपात हवा शिरली तर पेडल मऊ, स्पंजासारखं लागतं, कडक नाही. म्हणून कडक पेडलवर 'हवा काढून बघू' हा उपाय बरेचदा फुकट जातो. पेडल कडक आणि वर यायला सुस्त असेल तर रबरी होज आतून सुजली आहे किंवा सिलिंडरचे सील फुगले आहेत. टाकीत ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल कुणी ओतलं तर सील हमखास फुगतात. तपासायला स्लेव्हचा निपल जरा सैल करून, बाटलीत नळी सोडून पेडल दाबा. हलकं गेलं तर दोष गिअरबॉक्सच्या बाजूला. तरीही कडक, तर मास्टर, पाइप किंवा पेडल. नंतर हवा काढावीच लागेल. ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलत राहायचं आणि टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच ग्रेड घालायचा. रंगावर सांडलं तर रंग उडतो, लगेच पाण्याने धुवा.

केबल परत बसवताना

बहुतेक लोक केबल ताठ करतात, क्लच खाली पकडतो म्हणून आणखी ताठ करतात, आणि मोकळी चाल मारून टाकतात. मग बेअरिंग चोवीस तास टेकून फिरतं, प्लेट अर्धवट सुटलेली राहते आणि घसरून झिजते. पेडल हाताने दाबून सुरुवातीला साधारण दीड ते अडीच सेंटीमीटर मोकळं जायला हवं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत आकडा वेगळा असेल तर तो धरा. नवी केबल थोडी बसते, म्हणून महिन्याभराने चाल पुन्हा मोजा.

घाटात डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय असेल तर वरचं सगळं करूनही पुढचा सेट लवकर येईल. चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नका, हँडब्रेक त्यासाठीच आहे.

आणि रस्त्यात तुटलीच तर: सपाट रस्ता असेल, पुढे जागा असेल, तर इंजिन बंद असताना पहिला गिअर घालून सेल्फ मारा. गाडी हिसका देऊन निघते आणि निदान रस्त्याच्या कडेला घेता येते. घाटात हा प्रयोग नको. गाडी बाजूला घ्या, चाकांना दगड लावा आणि मदत बोलवा. क्लच दुरुस्त झाल्यावर काढलेली केबल धड असेल तर फेकू नका. पुसून, तिच्या नटाला बसणाऱ्या पान्यासकट डिकीत ठेवा. गुंडाळताना वेटोळं मोठं करा, घडी घातली तर लायनर तिथेच चिरतो.